बसवून घेतलेलं माप

मित्रांनो, मी शिंपीकामाचा एक जुना टेप आहे. साठ इंच लांब, पाऊण इंच रुंद. एका अंगाला इंच, दुसऱ्या अंगाला सेंटिमीटर. माझ्या एका टोकाची पितळी टोपी कधीच पडून गेली आहे, आणि मी रागावलेला आहे. जुन्या वस्तू म्हणे कोपऱ्यात पडल्या पडल्या उसासे टाकत आपली कहाणी सांगतात. मला उसासा जमत नाही. मला राग येतो. का येतो, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला नीट आठवत नाही. शफी टेलरांनी मला अकोल्याच्या बाजारातून अमरावतीला आणलं आणि नव्या नवरीच्या, नसीमबानोच्या, गळ्यात घातलं. दागिना नंतर करू म्हणाले. बावीस वर्षं झाली, दागिना अजून व्हायचाच आहे. पण त्यांनी तिला काम शिकवलं, आणि शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं ते मीही ऐकलं.

"माप दोनदा घ्यायचं, नसीम. मानूस उभा असताना एकदा, बसवून एकदा. उभ्या मानसाले विजार सगळीच बसते. फाटते ती बसल्यावर."

ती माझी शाळा. सुरुवातीची वर्षं मी खूप काम केलं. छाती, कंबर, खांदा, दंड, पाठ. नव्या आईचं पोट उतरताना मी पाहिलं, पोरींची उंची वाढताना पाहिली. कोणी म्हणायचं, "आपाच्या मापात जादू हाये." मी फुगून साठाचा एकसष्ट व्हायचा बाकी राहायचो.

मग माझा वैरी आला. मापाचं ब्लाऊज.

तुमच्या आईला विचारा, तिला माहीत आहे. बाई दुकानात येते, नवं कापड टेबलावर टाकते, पिशवीतून एक जुनं ब्लाऊज काढते आणि म्हणते, "याच्यावरून शिवून दे." झालं. टेपाची गरज नाही, अंगाला हात लावायची गरज नाही. मापाचं ब्लाऊज म्हणजे काय, तर तीन वर्षांपूर्वीची बाई. तिच्या अंगावर मधल्या काळात दोन बाळंतपणं झाली असतील, एखादा टायफॉइड झाला असेल, घरात कोणी गेलं असेल. ब्लाऊजला त्यातलं काही माहीत नसतं. आणि नवं ब्लाऊज काखेत रुतलं की शिव्या कोणाला? नसीमला. मी खिळ्यावर लटकून हे सगळं बघत होतो.

वलगावच्या गोदाबाई मात्र तशा नव्हत्या. साठी उलटलेली बाई. छाती अडतीस, हसल्या की साडेअडतीस. दुकानात आल्या की आधी स्टुलावर ऐसपैस बसायच्या, मग भाकरीत गुंडाळलेली अंबाडीची भाजी काढायच्या आणि नसीमला म्हणायच्या, "खा वं माय. मशीन काय तुह्याबिगर पळून जाते?" माप द्यायला स्वतः उठून उभ्या राहायच्या. वर दटावायच्या, "ढिलं नको ठेवू. मले जागा सोडलेली पसंत नाई."

त्या गोदाबाई गेल्या वर्षी सहा-सात महिने आल्याच नाहीत. आली ती त्यांची सून, प्रणाली. सोबत साडीवरच्या ब्लाऊजचं कापड आणि मापाचं ब्लाऊज.

"आईचं पोटाचं आपरेशन झालं, आपा. अकोल्याले. नातीचा साखरपुडा हाये, त्याच्यासाठी शिवून द्या. याच्यावरूनच."

"त्याहिले घेऊन ये ना. माप घेतो मी."

"त्या येत नाई कुठी."

नसीमने शिवून दिलं. अडतीस. तिचा हात चुकत नाही. चुकलं ते दुसरंच, आणि ते आठ दिवसांनी गोदाबाईंनाच घेऊन प्रणाली परत आली तेव्हा कळलं. नवं ब्लाऊज त्यांच्या अंगावर असं लोंबत होतं, जसं ते त्यांचं नसून त्यांच्या मोठ्या बहिणीचं असावं.

"या अल्ला," नसीम म्हणाली. "काकू, बसा. बसा ना."

"नाई, मी उभीच बरी हाये."

गोदाबाई आणि उभी! रिकामं स्टूल समोर, आणि बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या. मला तिथंच काही तरी खटकलं. नसीमने खिळ्यावरून मला काढलं. छाती बत्तीस. सहा इंच कमी! माझे आकडे मलाच खोटे वाटले. मग मी कमरेकडे वळलो, तर गोदाबाईंनी मला हातात घट्ट धरलं.

"तिथी नको."

"काहून, काकू?"

"नको म्हनलं ना एकडाव!"

पण मी तोवर टेकलो होतो. उजव्या बाजूला, परकराच्या नाडीच्या खाली. तिथं ओलं होतं.

नसीमने ओळखलं. ती शफीभाईंना म्हणाली, "तुम्ही चहा पिऊन या." ते म्हणाले, "आत्ता तर प्यालो." ती म्हणाली, "अजून एक प्या." ते गेले. तिने पडदा ओढला, कडी लावली, पाणी आणलं.

मित्रांनो, आता जे सांगतो ते ऐकून नाक मुरडू नका. पोट सगळ्यांना आहे आणि पोटात आतडं सगळ्यांना आहे. गोदाबाईंच्या आतड्यात गाठ झाली होती. डॉक्टरांनी ती कापून काढली आणि टाके भरून येईपर्यंत वरच्या आतड्याचं तोंड पोटावर, उजवीकडे, बाहेर काढून ठेवलं. लाल, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं. त्याला दवाखान्यात स्टोमा म्हणतात. त्याला हात लावला तर दुखत नाही. शौच तिथून येते आणि पोटाला चिकटवलेल्या पिशवीत जमा होते. पिशवी रिकामी करायची, पिशवीला पोटाशी धरून ठेवणारी, मधे स्टोम्यापुरतं भोक कापलेली चिकट चकती ठरल्या दिवशी बदलायची, आणि माणूस सगळं करू शकतो. शेतात जाऊ शकतो, साखरपुड्यात मिरवू शकतो. गोदाबाईंनी त्याचं नाव पाहुणा ठेवलं होतं. तीन-चार महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून पाहुण्याला आत पाठवायचं ठरलं होतं.

पण पाहुण्याभोवतीची कातडी! मी बावीस वर्षं माणसांच्या अंगावरून फिरलो, असं पाहिलं नाही. भोवती सगळीकडून सोललेली, लालभडक, जागोजागी रक्ताळलेली. आतड्यातून येणारं ते पाणी कातडीला लागलं की कातडीच पचवायला घेतं. चार महिने ते लागत होतं. दिवस-रात्र.

"किती जळत असंल," नसीम म्हणाली.

"मिरची वाटून लावल्यावानी," गोदाबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा रडल्या. "म्हून मी जेवतच नाई वं. जेवलं का भरते, भरलं का गळते, गळलं का जळते. एक टाइम उलसक वरन घेतो. बसलं का चकती उचलते, म्हून बसत बी नाई."

"डॉक्टर काय म्हनते?"

प्रणालीने सांगितलं. "म्हनते, पह्यले चामडी बरी करा, वजन वाढवा. त्याच्याबिगर दुसरं आपरेशन होत नाई. मागच्या दोन्ही बाऱ्या हेच म्हनून वापस पाठोलं. आता म्हनते, पुढच्या महिन्यात पाहू. कशी बरी करा, ते कोनी सांगत नाई."

आलं का लक्षात? कातडी जळते म्हणून बाई जेवत नाही. जेवत नाही म्हणून वाळते. वाळते म्हणून पोटाची कातडी सैल पडते, घडी पडते, चकती सुटते, आणि कातडी आणखी जळते. आणि ऑपरेशन कधी? तर कातडी बरी झाल्यावर. त्या गोल चक्रात एक माणूस अडतीसवरून बत्तीसवर आला होता. असंच चाललं तर पाहुणा जायच्या आधी यजमानीणच जायची.

"चकती कशी कापते तू?" नसीमने विचारलं. शिंपीण ती. तिला कापण्याचंच सुचणार.

प्रणालीने पर्समधून स्टीलचा डबा काढला. फार टापटीपीची पोरगी. डब्यात चकत्या, पिशव्या, कात्री, आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद. कागदाला मधोमध गोल भोक.

"हे मापाचं हाये, आपा. आपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मानसानं कापून देल्लं. म्हने, याच्यावरून कापत जा. मी एक दोरा इकडचा तिकडं होऊ देल्ला नाई."

याच्यावरून कापत जा!

मित्रांनो, त्या क्षणी मला दातओठ असते तर मी ते खाल्ले असते. मापाचं ब्लाऊज! तोच माझा वैरी, दवाखान्यात जाऊन बसला होता. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी स्टोमा सुजलेला असतो. दीड-दोन महिने तो रोज थोडा थोडा ओसरत जातो. आणि ही बिचारी पोरगी, कोणी सांगितलं म्हणून, सुजलेल्या दिवसाच्या मापावरून चार महिने चकत्या कापत होती. मन लावून. न चुकता.

नसीमने कागदाच्या भोकावर मला आडवं धरलं. साडेचार सेंटिमीटर. मग गोदाबाईंना टेबलावर आडवं करून, हात लागू न देता, पाहुण्यावर धरलं. तीन. भोवती पाऊण सेंटिमीटरची उघडी कातडी, सगळीकडून. जेवढी उघडी, तेवढीच सोललेली. जशी खडूने आखून घेतली होती.

"म्हंजे म्याच..." प्रणाली म्हणाली. ती रडायला लागली. "म्याच जाळलं आईले?"

"चूप," गोदाबाई पडल्या पडल्या म्हणाल्या. "तू नसती तं मी चार महिने पाह्यलेच नसते. आग हुते म्हून खोबरेल कोनी लावलं? म्या. त्या तेलानं चकती चिकटे ना, तं वरून नाडी कोनी आवळली? म्या. तू काहून रडून राह्यली?"

"रडायचं नंतर," नसीम म्हणाली. "मंगळवारी दुकान बंद असते. अकोल्याले मी येतो तुमच्यासंग."

मंगळवारी सकाळी बडनेऱ्याहून गाडी. नसीम मला गळ्यातून काढायचं विसरली, म्हणून ओढणीखाली मीही निघालो. गाडीत जागा होती तरी गोदाबाई दारापाशी उभ्या. तासाभराहून जास्त. नसीमही त्यांच्याजवळ उभी राहिली.

दवाखान्याचं नाव सांगत नाही. नाव घेतलं की बाकीचे दवाखाने म्हणतील, आमचं नाही ना, मग झालं. खिडकीशी नसीमने विचारलं, "पोटावरच्या पिशवीचं कोन पाहते?"

आतला माणूस मान वर न करता म्हणाला, "वर. चौदा नंबर. फक्त मंगळवारी."

"आमाले कोनी सांगतलं नाई!" प्रणाली म्हणाली. "आमचा नंबर दर बारी सोमवारी असते."

"तुम्ही विचारलं नाही."

चार महिने! एक जिना वर चढायचा होता, मित्रांनो. एका माणसाने एकदा तोंड उघडून सांगायचं होतं. ज्या बाईला माहीतच नाही की वर अशी एक खोली आहे, ती विचारणार काय?

चौदा नंबरमध्ये आकांक्षा सिस्टर होत्या. तीन जिल्ह्यांच्या रोग्यांना एकट्या बघणाऱ्या, दमलेल्या. त्यांनी कागदाचं भोक पाहिलं आणि आवाज चढवला. "हे काय? दर आठवड्याला मोजायचं असतं! चकत्यांच्या खोक्यात कार्ड येतं ना, गोल गोल भोकांचं? ते कुठंय?"

प्रणालीने पर्स उघडली. तळाशी पडून राहिलेलं एक पुठ्ठ्याचं कार्ड काढलं. लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने भोकं, प्रत्येकाखाली आकडा. भोकांच्या कडांना गुलाबी आणि हिरवा रंग लागलेला.

"हे? हे तं रांगोळीचं नोहे काय?" ती हळूच म्हणाली. "त्याच्यावर इंग्लिश लिवलं होतं. मले वाटलं, कंपनीनं संग फुकट देल्लं. दिवाळीत म्या याच्यानं ठिपके काढले."

सिस्टर हसतील असं मला वाटलं. त्या हसल्या नाहीत. कार्ड हातात घेऊन खुर्चीत बसल्या. "तुमची चूक नाही, ताई," त्या म्हणाल्या. "आमची आहे. कार्ड देतो आणि समजतो, सांगून झालं."

मग त्यांनी मोजलं. नसीम मला पुढे करत म्हणाली, "तीन भरते, म्या पाह्यलं." सिस्टरनी कार्ड धरलं. अठ्ठावीस मिलिमीटर. दोन मिलिमीटरची चूक!

चूक माझी. पितळी टोपी पडली तेव्हा टोकाचे दोन धागेही गेले होते. ब्लाऊजला ते कधी कळले नाहीत. इथं तर सगळा खेळच दोन मिलिमीटरचा. भोक स्टोम्याहून तेवढंच मोकळं हवं, जास्त नाही. दुसऱ्यांवर मी एवढा जळफळत होतो, आणि खोटं मीही बोललो होतो. ते मी लपवणार नाही.

पण पुढचं श्रेय माझ्या शाळेला द्या. गोदाबाई पलंगावर आडव्या. सिस्टर चकती कापायला घेणार, तेवढ्यात नसीम म्हणाली, "सिस्टर, उलसं बसवून पाहा ना. उभं अन् झोपून सगळंच बसते."

सिस्टर थांबल्या. "बरोबर आहे. मी बसवणारच होते," त्या म्हणाल्या. बसवणार होत्या की नव्हत्या, मला माहीत नाही.

"आई, बसा."

"मी बसत नाई," गोदाबाई म्हणाल्या.

"मी धरतो," नसीम म्हणाली.

त्या बसल्या. आणि सगळ्यांना दिसलं. झोपल्यावर जिथं पोट सपाट होतं, तिथं बसल्यावर पाहुण्याच्या खालीच एक खोल आडवी घडी पडली, मिटलेल्या ओठांसारखी. वाळलेल्या पोटाची सैल कातडी. त्या घडीतून सगळं गळत होतं. त्यात परकराची नाडी बरोबर तिथंच. ऑपरेशनच्या आधी कोणी या बाईला उभं करून, बसवून, वाकवून, "साडी कुठं नेसता" एवढं विचारून पोटावर पेनाने खूण केली असती, तर जागाच दुसरी निवडता आली असती. पेन लागतं, मित्रांनो. एक पेन आणि पाच मिनिटं.

सिस्टरनी घडी भरायला मऊ मेणासारखी कडी लावली, चकतीला नवं भोक कापलं, दाबून बसवली. नाडी वर बांधायला सांगितली. खोबरेल बंद, साधं पाणी, कोरडं फडकं. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची, वाट बघायची नाही. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा खायचं. आणि दर आठवड्याला कार्डाने स्टोमा मोजायचा, टेपाने पोटाचा घेर. वजन चढलं-उतरलं की पुन्हा.

"पोटाचा घेर मोजायले दोन धागे इकडं-तिकडं झाले तं चालते ना?" नसीमने विचारलं. मग तिने मला गळ्यातून काढलं आणि गोदाबाईंच्या हातात ठेवलं. बावीस वर्षांनी. "ठेवा, काकू. मी नवा घेतो."

असा मी वलगावला आलो. आता मी आणि ते रांगोळीचं कार्ड एकाच डब्यात राहतो. दर रविवारी प्रणाली आम्हाला काढते. पहिल्या आठवड्यात कातडी ओली होती. दुसऱ्या आठवड्यात कडेने सुकली. तिसऱ्या आठवड्यात गोदाबाईंनी भाकरी मागितली, आणि प्रणालीची इतकी धांदल उडाली की पहिली करपली. "करपली तं करपली, आन इकडं," गोदाबाई म्हणाल्या. साखरपुड्यात त्या खुर्चीवर बसल्या. ब्लाऊज नसीमने आत घेतलं होतं, पण शिवणीत तीन इंच कापड राखून. "परत सोडा लागन," म्हणाली.

पुढच्या महिन्याचा नंबर आला. डॉक्टरांनी यावेळी कागद बाजूला ठेवून पोट पाहिलं. वजन पाहिलं. कागदावर तारीख लिहिली. पाहुणा जाणार.

बाहेर आल्यावर प्रणाली आमचा डबा गोदाबाईंच्या हातात देऊन औषधं आणायला गेली आणि गोदाबाई बाकावर बसल्या. सोमवार होता. बाकावर चार माणसांची जागा रिकामी होती, आणि समोर भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ उभे होते. धोतर वर कसून बांधलेलं, एक हात पोटाच्या उजव्या बाजूवर. दोनदा कोणी तरी त्यांना "बसा ना" म्हणालं, दोनदा त्यांनी मान हलवली.

गोदाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठून त्यांच्याजवळ गेल्या.

"भाऊ, नाव काय तुमचं? कुठले?"

"खुशालराव. नांदगाव खंडेश्वरचा."

"बसून काहून नाई राह्यले?"

खुशालरावांचे कान लाल झाले.

मित्रांनो, मला फारसं शिकवता येत नाही. मी टेप आहे, तोही दोन मिलिमीटर खोटा. एवढंच सांगतो. माणूस म्हणजे मापाचं ब्लाऊज नव्हे. ज्याची काळजी घेताय त्याला पुन्हा मोजा. उभं करून मोजा, बसवून मोजा, बदलला की परत मोजा. आणि तुमच्या घरात, शेजारात, दवाखान्यात कोणी जागा असून उभं असेल, तर ते का उभं आहे ते विचारा. माझा राग एवढ्याने जाईल असं नाही, पण कमी होईल.

गोदाबाईंनी डबा उघडला. मला बाजूला सारलं, ते बरोबरच केलं, आणि भोकाभोवती गुलाबी रंग लागलेलं ते कार्ड बाहेर काढलं.

"वर चौदा नंबरची खोली हाये," त्या म्हणाल्या. "मंगळवारची. तुमाले कोनी सांगतलं नसंल. उद्या या. मी बी येतो. अन् तिथी गेल्यावर पह्यले म्हना, मले बसवून मोजा."

खुशालरावांनी कार्ड हातात घेतलं. "हे काय हाये, बाई?"

"रांगोळीचं नोहे," गोदाबाई म्हणाल्या.